चालू झाले म्हणजे कळले असे नव्हे

१९८० च्या मे महिन्यात अ‍ॅपल कंपनीने ‘अ‍ॅपल थ्री’ हा संगणक जाहीर केला. तो हौशी मंडळींसाठी नव्हता. कचेऱ्यांमधून गंभीर कामासाठी तो वापरला जावा अशी कंपनीची अपेक्षा होती आणि किंमतही त्याच बेताने चार हजार डॉलरांच्या वर ठेवलेली होती. वर्षअखेरीस तो ग्राहकांच्या हाती पडू लागला आणि थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. यंत्र काही वेळ नीट चाले. मग पडद्यावर अर्थहीन अक्षरे उमटत, किंवा सारेच गोठून जाई. अशा ग्राहकांना कंपनीच्या तंत्रज्ञांकडून जो सल्ला मिळाला तो संगणकाच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे : यंत्र टेबलापासून काही इंच उचला आणि सोडून द्या. आश्चर्य असे, की या उपायाने यंत्र पुष्कळदा चालू होई.

ही हकिकत सहसा विनोद म्हणून सांगितली जाते. आम्हांला मात्र ती विचार करायला लावणारी वाटते. आम्ही साहित्याचे अध्यापक. विद्युत्-मंडलांची जाण आमच्याकडे नाही, असे कोणी म्हणाले तर ते खरेच आहे. परंतु पहिल्या पिढीतील वैयक्तिक संगणकांमध्ये वारंवार उद्भवणारे बिघाड आणि त्यांची कारणे शोधण्याच्या पद्धती यांविषयी आम्ही जसजसे वाचत गेलो, तसतसे आमचे एक मत पक्के होत गेले. निदान ही मुळात वाचनाचीच एक रीत आहे. आणि उपाय लागू पडणे व कारण कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या यंत्रांनी जितक्या स्वच्छपणे दाखविले तितके आपल्या समीक्षेलाही क्वचितच दाखविता आले आहे. प्रस्तुत लेखात हे मत मांडण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम त्या सोडून देण्याच्या उपायाचे पाहू. त्या काळच्या संगणकांतील पुष्कळशा चिप मदरबोर्डवर डाख देऊन पक्क्या केलेल्या नसत. त्या सॉकेटमध्ये दाबून बसविलेल्या असत. यंत्र सुरू केले की त्या तापत, बंद केले की निवत. तापल्यावर धातू किंचित प्रसरण पावतो, निवल्यावर आकुंचन पावतो. असे शेकडो वेळा झाले की चिपचे पाय केसभर, पुन्हा केसभर असे सॉकेटमधून वर सरकत जातात, आणि एखादा पाय धड जोडलेला नाही, धड सुटलेलाही नाही, अशा अवस्थेत येऊन ठेपतो. यंत्र आपटले की चिप पुन्हा खाली बसते. म्हणजे उपाय निव्वळ अंधश्रद्धा नव्हता. त्याच्यामागे एक यंत्रणा होती. फक्त ती यंत्रणा ज्याने चिप वर सरकविली ते कारण जागच्या जागी राहत असे. बिघाड पुन्हा उद्भवणार, हे उपायातच लिहिलेले होते.

आता त्या कारणाविषयी. ‘अ‍ॅपल थ्री’ का फसला याचे प्रचलित उत्तर सर्वांना पाठ आहे : स्टीव्ह जॉब्स यांना पंख्याचा आवाज नको होता, म्हणून यंत्रात पंखा बसविला नाही, म्हणून ते तापले, म्हणून चिप निसटल्या. हे उत्तर सांगायला सोपे आहे, त्यात एक नायक आहे, त्याचा हट्ट आहे आणि हट्टाची शिक्षा आहे. पंखा नव्हता हे खरेच आहे; यंत्राची जाड ॲल्युमिनियमची बैठक उष्णता बाहेर टाकील असा हिशेब होता. पण त्या यंत्राच्या पेटीचे रचनाकार जेरी मॅनॉक यांचे म्हणणे निराळे होते. पेटी पुरेशी उष्णता बाहेर टाकते हे चाचण्यांत दिसले होते, खरा दोष मुख्य बोर्डाच्या रचनेत होता, असे ते सांगत. बोर्डावरील तांब्याच्या रेषा अतिशय बारीक आणि एकमेकींच्या फार जवळ आखलेल्या होत्या. ते तंत्र त्या वेळी पुरते रुळलेले नव्हते. डाख देताना नको त्या दोन रेषांमध्ये पूल तयार होत आणि विद्युत्प्रवाह भलत्याच वाटेने जाई. यांखेरीज कालमापनाची चिपही नापास ठरली आणि ती पुढे काढून टाकावी लागली. कंपनीने पहिली सुमारे १४,००० यंत्रे बदलून दिली आणि १९८१ च्या अखेरीस सुधारलेली आवृत्ती बाजारात आणली. तोवर नाव बद्दू झाले होते. १९८४ मध्ये हा संगणक बंद करण्यात आला.

मॅनॉक यांनी स्वतःच्या पेटीची बाजू घेणे स्वाभाविक आहे, असे कोणी म्हणेल. मान्य. साक्षीदाराचा हितसंबंध पाहिलाच पाहिजे. स्टीव्ह वॉझनियाक यांनी याच अपयशाचा दोष विपणन विभागाच्या माथी मारला, तेव्हा त्यांचाही काही पूर्वग्रह असेलच. आमचा मुद्दा असा, की उष्णता, सैल सॉकेट, अपक्व बोर्ड, सदोष चिप आणि घाई अशी निदान पाच कारणे समोर असताना लोकस्मृतीने त्यांतून एकच निवडले, आणि ते एका व्यक्तीच्या स्वभावाचे निवडले. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही निवड ओळखू यायला हवी. लेखकाच्या स्वभावातून कृतीचे सारे गुणदोष काढणारी चरित्रात्मक समीक्षा आपण मराठीत पुष्कळ वाचली आहे. कवी एकाकी होता म्हणून कविता दुर्बोध. लेखिकेने दुःख सोसले म्हणून कथा करुण. अशी विधाने खोटीच असतात असे नाही. ती ऐकताच आपले समाधान होते आणि आपण कृतीचे झाकण उघडून आत पाहत नाही, ही त्यांची खरी हानी. पंख्याच्या कथेने नेमके हेच केले. ती ऐकणाऱ्या कोणालाही तांब्याच्या रेषांमधील अंतर मोजावेसे वाटले नाही.

उपायाने समाधान होण्याचा असाच एक अनुभव आमच्याही गाठी आहे. २००१ च्या सुमारास आम्ही दोघे एम. ए. करीत असताना विभागात एक जुना संगणक होता, फोर-एटी-सिक्स पिढीतला. प्रश्नपत्रिका, निमंत्रणपत्रिका आणि प्राध्यापकांचे शोधनिबंध त्याच्यावर टंकलिखित होत. पावसाळा लागला की तो सुरू होताना नुसता पीं-पीं करी आणि पडदा काळाच राही. मग दुरुस्तीवाला येई. तो पेटी उघडी, मेमरीच्या पट्ट्या काढी, खिशातून शाळकरी पोरांचा खोडरबर काढी, पट्टीच्या कडेवरची धातूची टोके घासून लख्ख करी आणि पुन्हा बसवी. संगणक सुरू. आम्ही मराठीचे विद्यार्थी. खोडरबराने स्मृती परत येते याची आम्हांला भारी मौज वाटे. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच. दोन पावसाळ्यांत हा प्रयोग आम्ही इतक्या वेळा पाहिला, की पुढे पुढे आम्हीच रबर घेऊन बसू लागलो. हे का होते, असे आम्ही त्याला एकदाही विचारले नाही.

उत्तर बऱ्याच वर्षांनी वाचनात आले. त्या पिढीतल्या कित्येक यंत्रांत पट्टीच्या टोकांना एका धातूचा मुलामा असे आणि सॉकेटच्या स्प्रिंगांना दुसऱ्याचा. एकीकडे सोने, दुसरीकडे कथील. तापण्या-निवण्यामुळे त्यांच्यात सूक्ष्म घर्षण होते, कथलाचे कण सोन्यावर चढतात, त्यांचे ऑक्साइड बनते आणि वीज अडविणारा एक पापुद्रा तयार होतो. दमट हवेत गंजाला साहाय्यच मिळते. रबराने पापुद्रा निघे. पण पट्टी आणि सॉकेट एकाच धातूचे नसतील तर तो पुन्हा जमणे ठरलेले. आमच्या यंत्रात नेमके हेच घडत होते असे आज शपथेवर सांगता येणार नाही, कारण ते यंत्र केव्हाच भंगारात गेले. दुरुस्तीवाल्याला आम्ही दोष देत नाही. त्याचा हात कसबी होता. परंतु त्याला पैसे मिळत ते यंत्र चालू करण्याचे, कारण सांगण्याचे नव्हे. कारण विचारणे हे आमचे काम होते. विद्यापीठात शिकत आम्ही होतो.

बिघाड जेथे दिसतो तेथेच त्याचे कारण असते, हा निदानातला दुसरा मोठा भ्रम. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९८२ साली बाजारात आलेला ‘कमोडोर ६४’. या संगणकात मेमरीच्या आठ चिप होत्या आणि प्रत्येक बाइटमधील आठ बिटांपैकी एकेक बिट एकेका चिपकडे सोपविलेला असे. एक चिप मेली की प्रत्येक शब्दातले एकेक अक्षर गळावे तसे होई आणि यंत्र सुरूच होत नसे. त्यासाठी तंत्रज्ञांजवळ एक विशेष तपासणी-कार्ट्रिज असे. ते लावले की मूक पडदा ठरावीक वेळा लुकलुके आणि किती वेळा लुकलुकला त्यावरून आठांपैकी कोणती चिप गेली ते कळे. चिप बदलली, यंत्र सुरू झाले. काही दिवसांनी पुन्हा बंद. आता दुसरी चिप गेलेली.

कारण मेमरीत नव्हतेच. ते संगणकाच्या पेटीतही नव्हते. ते बाहेर, टेबलाखाली पडलेल्या विटेएवढ्या पॉवर सप्लायमध्ये होते. त्यातून पाच व्होल्टचा स्थिर दाब मिळायला हवा. त्याचे आतील भाग राळेत ओतून बंद केलेले, त्यामुळे उष्णता कोंडून राही, दाब नियंत्रित करणारा भाग कालांतराने खराब होई आणि दाब पाचाच्या वर चढे. सर्वांत आधी बळी जात त्या मेमरीच्या चिप. यातली गोम अशी, की असा पॉवर सप्लाय गार असताना मल्टिमीटर लावला तर काटा बिनचूक पाच दाखवू शकतो. तासभर चालवून, भार देऊन मोजला तरच खरे कळते. मोजमाप केले आणि काही सापडले नाही, एवढे सांगून भागत नाही. कोणत्या परिस्थितीत मोजले हेही सांगावे लागते.

संहितेच्या चार कोपऱ्यांच्या आतच अर्थ शोधावा असा आग्रह धरणारी एक परंपरा आहे आणि आम्ही स्वतः तिच्यात घडलो आहोत. ‘कमोडोर’चे उदाहरण त्या आग्रहाला एक सौम्य ताकीद देते. आतील घटकांचे बारकाईने परीक्षण करून कोणती चिप मेली ते बरोबर सांगता येते. ती का मेली ते मात्र भिंतीतील सॉकेटपर्यंत गेल्याशिवाय सांगता येत नाही. उलटपक्षी, ज्याने पेटी उघडलीच नाही आणि पहिल्याच क्षणी ‘विजेचा दोष’ असे जाहीर केले, त्यालाही निदानकार म्हणता येणार नाही. सामाजिक परिस्थितीचे नाव घेऊन कवितेची एक ओळही न वाचणारे समीक्षक आपल्याकडे आहेत. ते या दुसऱ्या वर्गातले.

यंत्राने आपला दोष आपणच सांगावा, ही कल्पना ‘आयबीएम पीसी’मध्ये चांगली रुजलेली दिसते. १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेला हा संगणक सुरू होताच स्वतःची तपासणी करी. सारे ठीक असेल तर एक छोटी शिटी. दोष असेल तर पडद्यावर आकडा : २०१ म्हणजे मेमरी, ३०१ म्हणजे कळफलक, ६०१ म्हणजे फ्लॉपी. मेमरीच्या दोषात या आकड्याआधी आणखी काही अक्षरे येत आणि त्यांवरून बिघडलेली चिप कोणत्या रांगेतली कितवी, इथवर माग काढता येई. शिवाय कंपनीने या यंत्राची तांत्रिक संदर्भपुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यात विद्युत्-मंडलांचे आराखडे होते आणि यंत्राला जाग आणणाऱ्या मूळ प्रणालीची संपूर्ण संहिताही छापलेली होती. आपल्या वाचकावर एवढा विश्वास टाकणारी यंत्रे थोडीच.

तरीही या आत्मनिवेदनाला मर्यादा होती. या संगणकात आठ बिटांमागे एक नववा बिट असे, निव्वळ साक्षीदार म्हणून. आठांत ‘एक’ किती आहेत, त्यांची संख्या सम की विषम, एवढेच तो लक्षात ठेवी. वाचताना हिशेब जुळला नाही की यंत्र ‘पॅरिटी चेक’ असे दोन शब्द लिहून जागीच थांबे. काहीतरी बदलले आहे, हे त्या साक्षीदाराला ठाऊक. कोणता बिट बदलला आणि का, हे नाही. दोन बिट एकदम बदलले तर तोही फसे. आणि ज्या यंत्राचा पॉवर सप्लायच गेला आहे, ते बिचारे काहीच बोलू शकत नसे. सर्वांत गंभीर दोष मौनाच्या रूपाने व्यक्त होतो, हे वाचकांना आम्ही वेगळे सांगावयास नको.

याच संगणकाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत प्रश्नांची एक साखळी असे : अमुक दिसते का? होय तर या पानावर जा, नाही तर त्या. साखळीच्या शेवटी बहुधा एकच आज्ञा असे, संपूर्ण बोर्ड बदला. कंपनीच्या दृष्टीने ते किफायतशीरच होते, कारण तंत्रज्ञाचा तास बोर्डापेक्षा महाग. परंतु बोर्ड बदलल्याने कारण कळत नाही. ते जुन्या बोर्डाबरोबर निघून जाते. गल्लीबोळांतून काम करणाऱ्या दुरुस्तीवाल्यांना ही चैन परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी दुसरी पद्धत अंगीकारली. संशयित भाग चांगल्या यंत्रात घालून पाहायचा. बिघाड त्याच्याबरोबर नव्या यंत्रात गेला तर दोष भागात, मागेच राहिला तर अन्यत्र. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केस वाळविण्याच्या यंत्राने एखादा भाग मुद्दाम तापवायचा, गार फवाऱ्याने मुद्दाम निववायचा आणि बिघाड आपल्या डोळ्यांदेखत घडवून आणायचा. बिघाड हवा तेव्हा निर्माण करता आला, म्हणजे तो कळला. तो नाहीसा झाला एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही.

अधूनमधून होणाऱ्या बिघाडाचा खरा जाच मात्र वेगळाच आहे. घरी दिवसातून चारदा बंद पडणारे यंत्र दुकानात नेले की ठणठणीत चालते. तंत्रज्ञ मालकाकडे जरा कीव करून पाहतो, ‘काही दोष नाही’ असे लिहून देतो आणि मालक स्वतःवरच संशय घेत परततो. वस्तुतः दुकानाचे टेबल आणि घरचे टेबल सारखे नसते. तेथे पेटी उघडी असते, म्हणून यंत्र तापत नाही. विजेचा पुरवठा निराळा असतो. आणि रिक्षातून नेताना बसलेल्या हादऱ्यांनी सैल चिप आपोआप खाली बसलेली असते. प्रवासानेच दुरुस्ती झालेली असते. मालक खोटे बोलत नव्हता. त्याच्या साक्षीची परिस्थिती तंत्रज्ञाने नष्ट केली होती.

कधीकधी तर दोष कोठेच सापडत नाही, कारण तो राहिलेलाच नसतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मेमरीच्या चिपमधील एखादा बिट अकस्मात उलटत असल्याचे आढळू लागले. ती चिप पुन्हा तपासावी तर निर्दोष. इंटेल कंपनीतील टिमथी मे आणि मरी वुड्स यांनी १९७८ मध्ये याचा उलगडा केला. चिप ज्या वेष्टनात बसविलेली असे त्या वेष्टनाच्या द्रव्यातच युरेनियम आणि थोरियम यांचे अत्यल्प अंश होते. त्यांतून सुटणारा एखादा अल्फा कण चिपमधून गेला की साठविलेला विद्युद्भार बदले आणि शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होई. चिपला इजा काहीच नाही. ज्याने संरक्षण करायचे ते आवरणच कारण ठरले. ज्यांनी पूर्वी अशा तक्रारी केल्या असतील त्यांना किती वेळा ‘तुमच्याच हातून काही चुकले असेल’ असे ऐकावे लागले असेल, याची कल्पना करता येते.

मग असे कारण सापडते कसे? एका यंत्राकडे कितीही वेळ पाहून ते सापडत नाही. एका यंत्रातला बिघाड अपघात असू शकतो. तोच बिघाड त्याच जागी शंभर यंत्रांत दिसला की तेथे वंशावळ असते. हा न्याय आपल्या परिचयाचा आहे. पाठचिकित्सा याच न्यायाने चालते. दोन हस्तलिखितांत बरोबर पाठ सारखा असण्याने फारसे काही कळत नाही. त्याच ठिकाणी तीच चूक असली की दोन्ही एकाच पूर्वप्रतीवरून उतरली असावीत असा कयास बांधता येतो. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. या कामांचा वारसा सांगणाऱ्या आपल्याला चुकीकडे पुरावा म्हणून पाहणे जड जाऊ नये. लेखनिकाची चूक नुसती पुसून टाकली तर वाचन सुकर होते. ती नोंदवून ठेवली तर ग्रंथाचा प्रवास कळतो.

या वृत्तीचे सर्वांत लोभस उदाहरण एका महाविद्यालयीन अध्यापकाचे आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग कॉलेजात गणित शिकविणारे थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांकांची बेरीज करीत होते. जून १९९४ मध्ये त्यांची उत्तरे जुळेनाशी झाली. फरक दशांशचिन्हापुढे बराच लांबचा होता. दुसऱ्या कोणी तो सोडून दिला असता. नाइसलींनी आधी स्वतःच्या प्रोग्रॅमवर संशय घेतला, मग त्याचे भाषांतर करणाऱ्या कंपायलरवर, मग यंत्राच्या इतर भागांवर. एकेक संशयित वगळण्यात चार महिने गेले. ऑक्टोबरमध्ये एकच उरला : नवा पेंटियम प्रोसेसर. त्याच्या भागाकाराच्या मंडलात एक तक्ता होता आणि त्यातील काही नोंदी गाळल्या गेल्या होत्या. नकल करताना लेखनिकाकडून ओळी सुटाव्यात तशा. डिसेंबरात इंटेलला सदोष प्रोसेसर बदलून देण्याचे मान्य करावे लागले आणि त्यापोटी कंपनीने ४७.५ कोटी डॉलरांची तरतूद केली. नाइसली हार्डवेअरचे तज्ज्ञ नव्हते. त्यांच्याजवळ दोन गोष्टी होत्या. जुळत नाही ते जुळत नाही असे म्हणण्याचा हट्ट, आणि सर्वांत आधी स्वतःवर संशय घेण्याची तयारी.

आता या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात आला असेल. तो आम्ही टाळणार नाही.

‘हल्लीच्या मुलांना वाचताच येत नाही’ हे वाक्य आम्ही प्रत्येक स्टाफरूममध्ये ऐकतो, आणि आम्ही स्वतःही ते उच्चारलेले आहे. हा वारंवार उद्भवणारा बिघाड. त्यावरचे आमचे उपायही ठरलेले आहेत : नोट्स, मार्गदर्शक, अपेक्षित प्रश्न. उपाय लागू पडतो. मुले उत्तीर्ण होतात, यंत्र चालू होते, पुढील वर्षी पुन्हा तेच. आम्ही खोडरबर घेऊन बसलेले असतो. कारण विचारले तर उत्तरही तयार असते आणि तेही पंख्याच्या कथेसारखेच सुटसुटीत : मोबाइल, इंग्रजी माध्यम, किंवा मुलांचा स्वभाव.

एका विद्यार्थिनीने आम्हांला सांगितले, ‘सर, वर्गात कळते, घरी वाचायला बसले की कळत नाही.’ आमची पहिली प्रतिक्रिया त्या दुकानातल्या तंत्रज्ञाचीच होती : वर्गात कळते ना, मग दोष काही नाही, अभ्यास कमी पडतो. पुढे आम्हांला आमचीच लाज वाटली. वर्गात आम्ही ओव्या मोठ्याने वाचतो. कोठे थांबायचे, कोणत्या शब्दावर भर द्यायचा, कर्ता कोणता आणि क्रियापद कोठे, हे आमचा आवाज न सांगता सांगून जातो. सैल चिप आमच्या आवाजाने जागेवर बसते. घरी तिच्यापुढे असते ती नुसती ओळ.

म्हणून आम्ही एक साधी गोष्ट करून पाहिली. त्याच तोडीचे तीन वेचे घेतले आणि आम्ही काही न वाचता वर्गाला दिले. एक नुसता, एकाखाली कठीण शब्दांचे अर्थ, एकाखाली अर्थ नाहीत, फक्त अन्वय. मुलांनी प्रत्येकाचा आशय आपल्या शब्दांत लिहायचा. शब्दार्थांनी फारसा फरक पडला नाही. अन्वयाने पडला. म्हणजे ‘शब्दसंग्रह नाही’ हे आम्ही वर्षानुवर्षे केलेले निदान निदान त्या वर्गापुरते तरी चुकीचे होते. अडत होते ते वाक्याच्या जोडणीशी. एका वर्गावरून सिद्धान्त काढण्याचा आमचा विचार नाही. तीन वेचे खरोखर समान तोडीचे होते का, असा आक्षेप योग्यच ठरेल आणि पुढल्या खेपेस वेचे अदलून-बदलून पाहावे लागतील. पण यंत्र आपटण्याऐवजी झाकण उघडून पाहिल्याचे समाधान आम्हांला प्रथमच मिळाले.

सहाध्यापकांना आमची एवढीच विनंती आहे. विद्यार्थ्याची चूक दुरुस्त करण्यापूर्वी ती एकदा उतरून घ्यावी, तारखेसह. आणि तीच चूक दुसऱ्या कोणाच्या वहीत त्याच जागी दिसते का ते पाहावे. ‘अ‍ॅपल थ्री’ आपटल्यावर किती वेळा चालू झाला याला महत्त्व नाही. तो पुन्हा बंद पडला तेव्हा कोणीतरी बारीक रेषांचा तो बोर्ड बाहेर काढून पाहिला, म्हणून पुढचे यंत्र बरे निघाले. असो.